कामं चोख, जीव टांगणीला

मे २०२१मध्ये, करोनाची दुसरी लाट चालू असताना, सचिन तेंडुलकरने एका ऑनलाइन संवादात एक गोष्ट सहज सांगून टाकली. चोवीस वर्षांच्या कारकिर्दीतली दहा-बारा वर्षं त्याला सामन्याआधी कमालीची चिंता वाटायची, कित्येक रात्री झोप लागायची नाही. मैदानावर उतरण्याच्या कितीतरी आधी त्याचा सामना मनात सुरू झालेला असायचा. पुढे त्याने हे आपल्या तयारीचाच भाग म्हणून स्वीकारलं. झोप येत नसेल तर टीव्ही बघायचा, स्वतःचा चहा स्वतः करायचा, कपड्यांना इस्त्री करायची, बॅग आदल्या दिवशीच भरून ठेवायची. बातमी दोन दिवस गाजली आणि विरली. ज्या देशाने त्याचं एकेक शतक मोजलं, त्याला या रात्रींचा पत्ता नव्हता. लागणार तरी कसा? धावा तर होत होत्या.

धावा होत असलेली अशी माणसं ठाणे-कल्याण-डोंबिवलीत शोधायला लांब जावं लागत नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी फाइल पुरी करणारी बँकेतली अधिकारी. सोसायटीचे हिशेब पैशापर्यंत जुळवणारे खजिनदार. लग्नकार्याला निघालेल्या वीस जणांची तिकिटं ज्याच्या खिशात असतात तो काका. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. तक्रार असते ती त्यांचीच, आणि ती कुणापुढे मांडायची हे त्यांना उमगत नाही. रात्री दोनला जाग येते आणि डोकं कामाला लागतं. पाठवून झालेला मेल पुन्हा पुन्हा उघडून वाचला जातो. साहेबांनी ‘जरा भेटून जा’ म्हटलं की पोटात गोळा येतो. कौतुक झालं तरी आनंदाच्या आधी पुढच्या वेळची धास्ती दारात उभी.

‘हाय फंक्शनिंग अँग्झायटी’ हे या अवस्थेचं नाव समाजमाध्यमांमुळे घराघरांत पोहोचलं आहे, पण डॉक्टरांच्या निदानग्रंथांत ते सापडत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या ‘डीएसएम-५’मध्ये ते नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’मध्येही नाही. तिथे जवळात जवळचा आजार म्हणजे ‘जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर’. १९८०मध्ये डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळालं. सहा महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवशी, अनेक गोष्टींबद्दल आवरता न येणारी काळजी. आणि जोडीला अस्वस्थता, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोपेची तक्रार या सहांपैकी किमान तीन, असा डीएसएमचा निकष.

या दोन ग्रंथांतला एक तपशील मात्र बारकाईने वाचण्यासारखा आहे. आजार म्हणायला रोजच्या कामात बिघाड व्हावा लागतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी ‘लक्षणीय त्रास किंवा कामकाजात बिघाड’ अशी अट आहे. दोहोंपैकी एक पुरे. आयसीडी-११ तर आणखी पुढे जाऊन सांगते की कामकाज सुरळीत राहिलं असलं, तरी ते बरेच जादा कष्ट उपसूनच राखलेलं असतं. म्हणजे ज्या माणसाला समाजमाध्यमांनी नवं नाव दिलं, त्याची जागा निदानग्रंथात आधीपासूनच होती. ‘काम तर चाललंय ना तुझं?’ या प्रश्नाने घरचे ज्याला गप्प करतात, त्याला वैद्यकशास्त्राने गप्प केलेलं नाही.

या नावावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. मुळात ‘उत्तम काम करणारा’ हे कुणी ठरवायचं? ऑफिसने, की बायकोने, की त्याच्या पाठीच्या मणक्याने? शिवाय नाव आकर्षक आहे. आजाराबरोबर हुशारीचं प्रशस्तिपत्रकही फुकट मिळतं. त्यामुळे कामात बुडालेला कुणीही स्वतःला हे लेबल चिकटवून मोकळा होऊ शकतो. फरक ओळखायची एक साधी खूण आहे. काम संपल्यावर काय होतं? व्यग्र माणूस काम हातावेगळं झालं की सैलावतो. चिंतेवर चालणारा माणूस सैलावत नाही; रिकाम्या झालेल्या जागेत पुढची काळजी येऊन बसते. रविवारी मेगाब्लॉकमुळे घरीच थांबायचं आहे, कुठेही पोहोचायचं नाही, तरी सकाळपासून काहीतरी राहून गेल्याची रुखरुख लागते, ती ही चिंता.

आता ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्याबद्दल. १६ एप्रिल १८५३ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, आणि तेव्हापासून इथल्या माणसाचं घड्याळ रेल्वेच्या ताब्यात गेलं. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. अंतर तसं फार नाही. प्रश्न अंतराचा नसून हिशेबाचा आहे. कुठली फास्ट, कुठला डबा, दाराच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, डोंबिवलीत चढता येणार नसेल तर आधी कल्याणला जाऊन रिटर्न यायचं का, रिक्षाच्या रांगेला किती मिनिटं, पाऊस असेल तर किती. दिवसाचं पहिलं काम सुरू होण्याआधीच अशी डझनभर गणितं सुटलेली असतात. सगळ्या गणितांत थोडी मिनिटं ‘हाताशी’ ठेवलेली असतात. ज्याला काळजीची सवय आहे त्याला हा प्रवास रोज सकाळी शाबासकी देतो: बघ, तू वीस मिनिटं आधी निघालास म्हणून वाचलास.

आणि इथली सगळी भीती काल्पनिकही नाही. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीने भरलेल्या गाड्यांमधून प्रवासी खाली पडले आणि त्यात काहींचे जीव गेले. २६ जुलै २००५चा पाऊस या भागातल्या प्रत्येक घराच्या आठवणीत आहे. डोंबिवली एमआयडीसीत २०१६च्या आणि पुन्हा २०२४च्या मे महिन्यात कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अशा ठिकाणी राहणाऱ्याला ‘उगाच काळजी करू नकोस’ सांगणं म्हणजे त्याची चेष्टाच. दारात लटकायचं नाही, हे शहाणपण. गाडी ठाण्याला थांबली असताना घरच्या सगळ्यांना एकेक फोन करून ‘नीट आहात ना’ विचारायचं, आणि उत्तर मिळाल्यावरही कळव्यापर्यंत छाती धडधडत राहायची, ही चिंता. पहिली गोष्ट धोक्याच्या मापाने वागते. दुसरीला मापच नाही.

ही चिंता इथे वर्षानुवर्षं खपून जाते, याचं कारण तिचा फायदा अनेकांना होतो. न सांगता काम करणारा माणूस ऑफिसला मिळतो. घराला सगळं लक्षात ठेवणारी बाई मिळते: गॅस, शाळेची फी, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, नणंदेच्या मुलाची मुंज. कल्याणहून सुटणाऱ्या महिला विशेष गाडीत भाजी निवडत, फोनवर मुलाचा अभ्यास घेत, मधेच डोळे मिटणारी बाई वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना फार आवडते. ‘तारेवरची कसरत’ या मथळ्याखाली तिचं कौतुक छापून येतं. कसरत रोज का करावी लागते, हे मात्र छापून येत नाही. मंडळालाही असाच कार्यकर्ता हवा असतो. ज्या डोंबिवलीने १९९९मध्ये गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा सुरू केली आणि महाराष्ट्रभर पोहोचवली, त्या गावात उत्साही माणसांची वाण नाही. पण प्रत्येक कार्यक्रमामागे असा एक जण असतो ज्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही, आणि त्यालाच पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं जातं. नफा सगळ्यांत वाटला जातो. तोटा एकट्याच्या खात्यावर.

मग एक प्रश्न उरतो आणि अशी माणसं तो हटकून विचारतात: चिंता गेली तर माझं काम ढासळणार नाही का? धाक आहे म्हणून तर मी इथवर आलो.

या समजुतीला शास्त्राचा आधार म्हणून नेहमी एक आलेख दाखवला जातो. उलट्या वाटीसारखी रेघ: ताण फार कमी असला तर काम वाईट, मध्यम असला तर उत्तम, फार झाला तर पुन्हा वाईट. मॅनेजमेंटच्या कुठल्याही प्रशिक्षणात ही रेघ येतेच. तिचं मूळ रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८च्या प्रयोगात आहे, आणि तो प्रयोग उंदरांवरचा आहे. दोन खोक्यांतून बरोबर खोकं निवडायचं, चुकलं की विजेचा झटका. काम अवघड असेल तेव्हा मध्यम झटक्यावर उंदीर सर्वांत लवकर शिकले. विजेच्या झटक्याच्या जागी पुढच्या पिढ्यांनी ‘ताण’, ‘प्रेरणा’, ‘चिंता’ असे सोयीचे शब्द घातले आणि उंदराच्या जागी कर्मचारी. वागळे इस्टेटमधल्या माणसाने रात्री दोनला जागं राहावं, असं त्या उंदरांनी काही सिद्ध केलेलं नाही.

याहून उपयोगी काम ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या मानसशास्त्रज्ञांचं आहे. १९८६मध्ये त्यांनी अशा विद्यार्थ्यांचा अभ्यास केला जे परीक्षेआधी ‘माझं वाईटच होणार’ असं धरून चालतात, काय काय चुकेल याची उजळणी करतात आणि मग चांगले गुण मिळवतात. याला त्यांनी बचावात्मक निराशावाद म्हटलं. गंमत अशी की या मुलांना ‘तुझं छानच होईल’ असा धीर दिला, त्यांची उजळणी मोडली, तर त्यांची कामगिरी खालावते. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ हा सल्ला अशा माणसाला का झोंबतो, ते यातून कळतं. पण इथेही एक अट दडलेली आहे. या विद्यार्थ्यांची काळजी ठरावीक कामाभोवती फिरते आणि तिच्यातून तयारी बाहेर पडते. पेपर झाल्यावरही तोच पेपर रात्रभर मनात सोडवत राहण्यातून कसली तयारी होते?

राहिली गोष्ट यशाचं श्रेय कुणाला द्यायचं याची. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१च्या सुमारास चिंताविकारातल्या ‘सुरक्षा-वर्तना’वर बोट ठेवलं. मेल पाच वेळा तपासला, काही अनर्थ झाला नाही. मन म्हणतं, तपासला म्हणून झाला नाही. एकदाच तपासला असता तरी झाला नसता, हे कळायची संधीच मन स्वतःला देत नाही. वर्षानुवर्षं अशी जमा होत गेलेली ‘पुरावे’सदृश खात्री वादाने हटत नाही. तिला प्रयोगानेच आव्हान द्यावं लागतं. म्हणून समुपदेशक अशा माणसाला सल्ला कमी आणि गृहपाठ जास्त देतात: या आठवड्यात तीन मेल एकदाच वाचून पाठव, एके दिवशी मुद्दाम नेहमीच्या पुढची गाडी पकड, सोसायटीच्या बैठकीत एका कामाला ‘मला जमणार नाही’ म्हण, आणि प्रत्येक वेळी काय होईल असं वाटलं नि काय झालं, ते लिहून आण.

अशा गृहपाठाचा आद्य विद्यार्थी म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायची भीती घालवण्यासाठी तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बसला आणि महिनाभरात शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण आकाश कोसळलं नाही, हे एलिसला कळलं. १९५५मध्ये त्याने मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं, ‘आरईबीटी’चं, सूत्र असं की माणसाला प्रसंग छळत नाही, प्रसंगाबद्दलचे त्याचे हट्टी आग्रह छळतात. काम उत्तम व्हावं ही इच्छा निरोगी. उत्तम झालं नाही तर मी कवडीमोल, हा आग्रह रोगट. परिपूर्णतेच्या मागे लागलेल्या माणसाला हे पहिल्या वाचनात साधं वाटतं आणि पचायला काही महिने जातात.

मराठी माणसाला एलिस परका राहिला नाही. मुंबईचे किशोर फडके यांनी एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करत ही पद्धत आत्मसात केली आणि इथे रुजवली. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. आणि ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘आयपीएच’, सुरू केली. व्याख्यानं, पुस्तकं, विद्यार्थ्यांसाठीचा ‘वेध’ उपक्रम आणि अलीकडे यूट्यूब, अशा वाटांनी एलिसचे विचार इथे संतवचनांच्या शेजारी बसून ऐकले गेले. नाडकर्णींच्या एका पुस्तकाचं नाव ‘शहाण्यांचा सायकिॲट्रिस्ट’ आहे, यात बरंच काही आलं.

ठाण्याच्या बाबतीत हा बदल छोटा नाही. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१पासूनचं, राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणत एकमेकांची थट्टा केली. त्या थट्टेने एक सीमारेषा आखून ठेवली: पलीकडे वेडे, अलीकडे आपण, आणि मध्ये काहीच नाही. रोज कामावर जाणारा, हप्ते फेडणारा, पण आतून पोखरला गेलेला माणूस या आखणीत कुठेच बसत नव्हता. आज त्याच शहरात लोक ऑफिस सुटल्यावर समुपदेशनाला जाऊन येतात. अजून सोसायटीत सांगत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

बहुतेक जण मात्र समुपदेशकाकडे थेट पोहोचत नाहीत. शरीर त्यांना आधी दुसरीकडे नेतं. ॲसिडिटी, मान-खांदे आखडणं, छातीत धडधड, रात्री दात खाणं. ईसीजी नॉर्मल येतो, फॅमिली डॉक्टर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात आणि गोष्ट तिथे संपते. तपासण्या कराव्यातच, कारण वाढलेला थायरॉइड किंवा रक्तक्षय हुबेहूब चिंतेसारखा वागू शकतो, आणि दिवसाचे सात-आठ चहाही. धोका पुढच्या पायरीवर आहे. झोपेसाठी कुणीतरी दिलेली अल्प्राझोलामची गोळी लगेच गुण देते, म्हणून चालू राहते. ती चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे ते उगाच नाही. रोज दीर्घकाळ घेतली तर शरीराला तिची सवय लागते आणि अचानक बंद केली तर चिंता दुप्पट होऊन परतते, कधी झटकेही येतात. चिंताविकारावर दीर्घकाळासाठी वापरली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तशी चटक लागत नाही. पण तीही मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात.

औषधाशिवायच्या उपायांत एक लोकलवाल्यांच्या खास सोयीचा आहे. मानसशास्त्रज्ञ टॉमस बॉर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३मध्ये तो तपासला होता. काळजी थांबवायची नाही, तिला वेळ नेमून द्यायची. दिवसभरात आलेली प्रत्येक काळजी नुसती टिपून ठेवायची आणि ठरल्या अर्ध्या तासात, ठरल्या जागी बसून, यादी समोर ठेवून मनसोक्त करायची. परतीच्या गाडीत ठाण्याला बसायला जागा मिळाली, तर कल्याणपर्यंतचा वेळ त्याला पुरतो. अनेकांना असं आढळतं की सकाळी नऊला जीवघेणी वाटलेली गोष्ट संध्याकाळी यादीत वाचताना मिळमिळीत वाटते. अंथरुणावर मात्र ही बैठक भरवायची नाही; झोपेच्या जागेला काळजीची सवय लागली की ती सुटता सुटत नाही.

या भागात असे किती जण असतील? खात्रीचा आकडा देणं अवघड आहे. ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या बारा राज्यांत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार आढळला, आणि चिंता-नैराश्यासारख्या नेहमीच्या विकारांत दर शंभरातले ऐंशीहून अधिक जण उपचारांपासून दूर होते. जगभरात २०१९ साली ३० कोटींहून अधिक लोक चिंताविकाराने त्रस्त असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांतल्या साधारण चारांतल्या एकालाच उपचार मिळतात. कामं चोख करणारे या मोजदादीत नेमके किती निसटतात, हा आणखी पुढचा प्रश्न.

स्वतःपुरती मोजणी मात्र करता येते. २००६मध्ये तयार झालेली ‘जीएडी-७’ ही सात प्रश्नांची यादी दवाखान्यांत सर्रास वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत काय काय वाटलं, यावर प्रत्येकी शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञांना भेटावं. हे निदान नव्हे, निव्वळ चाळणी. कामावर वेळेत पोहोचता का, हे त्या सात प्रश्नांत कुठेच नाही, ही तिची मोठी सोय. डॉक्टरांपुढेही सांगायचं असतं ते हेच: काम होतं, पण ते करायला आणि केल्यावर मला किती झोप, किती वेळ, किती चिडचिड मोजावी लागते.

फोनवर बोलणं सोपं वाटणाऱ्यांसाठी सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर चालते, मराठीतही. समोरासमोरच्या समुपदेशनाचा खर्च मात्र बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ने विमा कंपन्यांना बजावलं की मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्या. पण आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देतात, आणि ज्यांच्याबद्दल हा लेख आहे ती माणसं दाखल होत नाहीत. ती दुसऱ्या दिवशी कामावर जातात. त्यामुळे पॉलिसी घेताना किंवा ऑफिसच्या गटविम्याचे कागद हातात आल्यावर बाह्यरुग्ण समुपदेशनाचं कलम आहे का, आणि वर्षाला किती बैठकांचं, हे विचारून घ्यावं लागतं.